वहीच्या पानाएवढं आभाळ

प्रश्न : नमस्कार सर. मुलगा नोकरीनिमित्त पोलंडमध्ये क्राकोवला असतो. तिथल्या संग्रहालयातून त्यानं माझ्यासाठी एक चित्रकार्ड आणलं. बागेत मधमाश्यांच्या पेट्या आणि ऊन, बस. मागे लिहिलंय : 'युक्रेनमधल्या मधपेट्या', यान स्तानिस्लावस्की, १८९५. चित्रकार पोलिश, मग युक्रेन कुठून आलं? आणि मुलगा म्हणतो, या माणसाची चित्रं एवढी-एवढीशी असतात. मोठी का नाही काढली?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी नाव. त्यातल्या 'ल'वर तिरकी रेघ असते आणि पोलिश लोक त्याचा 'व' करतात. म्हणून स्तानिसवाफ्स्की. मीही बरीच वर्षं तुमच्यासारखंच म्हणत होतो.

जन्म १८६०चा, युक्रेनमधल्या ओल्शानाचा, घर पोलिश. नकाशावर तेव्हा पोलंड नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो वाटून घेतलेला. हा गडी जन्मला रशियाच्या राज्यात, शिकवलं ऑस्ट्रियाच्या क्राकोवमध्ये, वारला १९०७ साली. देश परत उभा राहिला १९१८ला. चित्रांतून युक्रेन मात्र त्यानं सोडलं नाही. तिथल्या काटेरी झुडपांच्या एका चित्राचं नाव 'बोद्याकी', हा शब्दसुद्धा तिकडचाच.

शिक्षणाची सुरुवात वॉर्सात, गणितानं. ते सोडून चित्रकला : वॉर्सा, क्राकोव, मग पॅरिस. (हे वाक्य पालकांनी मुलांपासून लपवलं तरी चालेल.)

आता आकाराचं. विद्यार्थी असताना मी वाईच्या घाटावर फुल इम्पिरियल, म्हणजे भलामोठा कागद लावून बसायचो. ढोल्या गणपतीच्या भिंतीवरची सावली रेखाटून होईस्तोवर ती पार सरकलेली असायची. मग अकराच्या उन्हात नऊची सावली ठोकून द्यायची! आमच्या सरांनी चित्र हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, "सूर्य किती आहेत रे?"

स्तानिसवाफ्स्कीनं हा घोळ मुळातच टाळला. वहीच्या पानाएवढा पुठ्ठा नाहीतर लाकडाची फळी घ्यायची, ऊन सरकायच्या आत चित्र संपवायचं. फळी लहान, पण फटकारा लहान नाही. गवताची पाती तो मोजत बसत नाही. निम्म्याहून जास्त जागा बरेचदा आभाळालाच. स्वतः मात्र अंगानं चांगला धिप्पाड. हा माणूस ती चिमुकली फळी घेऊन शेतात बसलाय, हे डोळ्यांपुढे आणलं की मला अजून हसू येतं. अगदीच मोठं काही काढलं नाही असं नाही. १९०० सालचं पाण्याकाठच्या पॉप्लर झाडांचं चित्र जवळजवळ दीड मीटर उंच आहे. पण मला विचाराल तर मधपेट्याच सरस.

युलियान फावात क्राकोवच्या कलाशाळेचे प्रमुख असताना निसर्गचित्राचा वर्ग स्तानिसवाफ्स्कीकडे आला. यानं पोरांना भिंतीबाहेर काढलं, थेट तात्रा डोंगरांच्या पायथ्याला झाकोपानेपर्यंत नेलं. कामोत्स्की, फिलिपकेविच हे पुढचे चित्रकार त्याच वर्गातले.

मुलाला सांगा, क्राकोवच्या बाजारचौकातल्या सुकिएनित्से दालनात हेवमोन्स्की या चित्रकाराची 'चौकडी' बघ. साडेसहा मीटर रुंद, चारही घोडे अंगावर येतात. ती लांबूनच बघायची. या आपल्या माणसाच्या फळीसमोर मात्र हातभर अंतरावर उभं राहायचं. आणि आकार कळावा म्हणून फोटोत शेजारी बोट दाखवायला जाऊ नको म्हणावं, रखवालदार ओरडतात.