गाडीत पिक्चर अडकतो, ताई काय करू?

सुट्ट्या जवळ आल्या की प्रश्न येतातच, पण यावेळी निम्मे प्रश्न पोर्टेबल डीव्हीडी प्लेयरचे आहेत. मला वाटलं होतं हे यंत्र एव्हाना सगळ्यांच्या माळ्यावर गेलं असेल, तर नाही, लोकांनी पुसून परत खाली काढलंय. चला मग.

ताई, आमच्या नऊ इंची प्लेयरच्या खोक्यावर चार तास बॅटरी असं लिहिलंय, पण पाऊण तासात मान टाकतो. प्रवास सात तासांचा आहे. घरात एक जुना चार्जर पडलाय, त्याची पिन बसते, तो गाडीत अ‍ॅडॉप्टर लावून वापरला तर चालेल का? – दोन मुलांची आई

पिन बसते म्हणून लावू नका हो, आधी हे सांगते मग बाकीचं. प्लेयर उलटा करा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ९ व्होल्ट की १२ व्होल्ट, आणि शेजारी एक छोटी गोल आकृती असते, अधिक आणि वजा दाखवणारी. ती सांगते की पिनच्या आतल्या बाजूला प्लस आहे की बाहेरच्या. चार्जरवरही हेच छापलेलं असतं, त्याच्याशी व्होल्ट जुळले आणि ही बाजू उलटी निघाली तरी प्लेयर जळू शकतो, आणि पिन मात्र अगदी छान बसलेली असते! गाडीच्या सॉकेटला साधारण १२ व्होल्ट येतात, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, त्यामुळे ९ व्होल्टच्या प्लेयरला ते कमी करून देणारा अ‍ॅडॉप्टरच हवा, नुसती वायर जोडून भागत नाही. मोठ्या बसमध्ये बऱ्याचदा २४ व्होल्ट असतात, तिथे १२ वाला लावायचाच नाही.

आता बॅटरी. ही लिथियम-आयन असते आणि ती वापरली नाही तरी म्हातारी होते. तुमचा प्लेयर कपाटात दोन-तीन वर्षं पडून होता असेल तर पाऊण तास चालतोय हेच खूप म्हणायचं. ब्राइटनेस कमी केलात तर थोडा वेळ वाढेल कारण डिस्क फिरवणारी मोटर आणि पडद्यामागचा लाइट हेच दोघं जास्त करंट खातात, पण सात तास विसरा, गाडीच्या चार्जरवरच चालवा. फक्त आधी इंजिन सुरू करा आणि मग प्लेयर, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये स्टार्टर मारताना सॉकेटची पॉवर क्षणभर जाते, बॅटरी मेलेली असेल तर प्लेयर बंद पडतो आणि पिक्चर परत पहिल्यापासून, त्या वगळता न येणाऱ्या सूचनांसकट, आणि मागे रडारड.

आणि उन्हात बंद गाडीत ठेवू नका. मी स्वतः ठेवला होता, डॅशबोर्डवर, जेवायला थांबलो तेवढ्यात. दोन दिवसांनी बघते तर प्लेयर टेबलावर सपाट बसेना, डुगडुगायला लागला, खालची बॅटरी पोळीसारखी फुगलेली. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर अजिबातच नाही. ई-कचऱ्यात द्यायची.

खराब रस्ता लागला की चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि अडकतं. प्लेयर बिघडलाय का? – एक आजोबा

आजोबा, बहुतेक नाही. लेसर डिस्कवरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक रेघेवरून चालत असतो, त्याला धक्का बसला की रेघ सुटते. थोडा पुढचा भाग प्लेयर आधीच वाचून मेमरीत ठेवतो म्हणून एखादा खड्डा पचतो, सलग दहा खड्डे पचत नाहीत. खाली जाडसर फोम घाला, बाजूची हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. सपाट रस्त्यावरही अडकत असेल तर मग डिस्क बघा. ती पुसताना आपण सगळे ताट पुसल्यासारखी गोल गोल पुसतो ना, तसं नाही, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायची. डेटा गोलाकार रेघेत असतो, त्यामुळे आडवा ओरखडा रेघेचा इवलासा तुकडा खातो आणि तेवढं प्लेयर सांभाळून घेतो, पण रेघेबरोबर गेलेला ओरखडा सलग डेटा घेऊन जातो. घरी बनवलेल्या डिस्कवर कागदी लेबल चिकटवलं असेल तर डिस्कचा तोल जातो, नावं मार्करनं लिहा. आणि ती डिस्क कॉम्प्युटरवर चालते, प्लेयरवर नाही असं असेल तर रेकॉर्ड केल्यावर फायनलाइझ करायची, म्हणजे इतर प्लेयरना वाचता येईल अशी रेकॉर्डिंग बंद करायची, राहिली असेल.

मुलगी (वय ६) बघता बघता उलटी करते. बघू नको म्हटलं तर भोकाड. – वैतागलेला बाबा

तिचा कान सांगतो आपण हलतोय, डोळा सांगतो मी तर एका जागी स्थिर चित्र बघतेय, या भांडणात पोट बिचारं मरतं. मांडीवर प्लेयर ठेवून मान खाली घालून बघणं सगळ्यात वाईट. पुढच्या सीटच्या मागे, तिच्या डोळ्यांच्या उंचीला पट्ट्यानं घट्ट बांधा, म्हणजे कडेनं थोडं बाहेरचं दिसत राहतं. घाटाची वळणं लागली की मात्र पडदा बंद, भोकाड परवडलं. तेव्हा गाणी किंवा गोष्टी ऐकवा. आणि घट्ट हा शब्द उगाच नाही लिहिला, अचानक ब्रेक लागला तर सुटा प्लेयर विटेसारखा उडतो. ड्रायव्हरला पडदा दिसणार नाही असं बघा, कित्येक देशांत तसा नियमच आहे.

मावशीनं अमेरिकेहून आणलेल्या डिस्क लागत नाहीत, ‘चुकीचा रीजन’ असं येतं.

रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी काढली तो भाग. डिस्कच्या डबीच्या पाठीवर पृथ्वीगोलाच्या चित्रात त्याचा आकडा असेल, बहुधा १. तो अमेरिका-कॅनडाचा, २ मध्ये युरोप आणि जपान, भारत ५ मध्ये. डिस्क बिचारी चांगली आहे, प्लेयर दुसऱ्या रीजनचा आहे. सगळे रीजन चालणारा प्लेयर मिळतो, नवा घेणार असाल तर तसा बघा. ब्लू-रे डिस्क मात्र कुठल्याही डीव्हीडी प्लेयरमध्ये घालू नका, त्याचा लेसरच वेगळा.

टॅबलेट असताना हे धूड कशाला बाळगायचं? – नवऱ्याशी वाद चालू आहे

वादात पडत नाही पण मत सांगते. पॅनासॉनिकनं १९९८ मध्ये ५.८ इंची पडद्याचा पोर्टेबल प्लेयर काढला तेव्हाही तो धूडच होता. टॅबलेट हलका आहे, चित्र चांगलं आहे, सगळं कबूल. पण डिस्क संपते हो. दीड तासानं मेनू येतो, तेच तेच संगीत वाजत राहतं आणि पोरं आपणहून खिडकीबाहेर बघायला लागतात, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. नेट लागत नाही, जाहिरात येत नाही. दोन मुलं असतील तर दोन हेडफोनची सोय असलेला घ्या, आणि आवाज तुम्ही लावा, त्यांना लावू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ७५ डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगते, गाडीच्या घरघरीत मुलं त्याच्या वर कधी नेतात कळतही नाही.

विमानानं जाणार असाल तर प्लेयर हँडबॅगेत ठेवा, जादाची बॅटरी तर चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही. मर्यादा साधारण १०० वॉट-अवर असते, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करून बघा, उदाहरणार्थ ७.४ गुणिले २.२ म्हणजे जेमतेम १६. नवऱ्याला ‘विमानात नेऊ देणार नाहीत’ एवढं एक कारण तरी उरलं नाही.