चाल भूपाची, कॉर्ड्स कुठल्या?

गाणं लिहिणाऱ्या नव्या मुलामुलींची पत्रं वाढलीत याचा आनंद आहे. पण घोळ दर वेळी तोच: "या गाण्याला कुठलं प्रोग्रेशन लावू?" कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, आणि प्रोग्रेशन म्हणजे कॉर्ड्स एकामागून एक येण्याचा क्रम. तो कुलपासारखा वरून लावायचा नसतो, चालीतूनच काढायचा असतो. म्हणून आज पुन्हा एकदा.

एफची बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबायची ती) वाजतच नाही. तिच्याशिवाय गाणं करता येईल का? (इचलकरंजी)

येईल. तोवर एफ मेजर सेव्हन धरा, पहिली तार मोकळी सोडून.

सी, जी, ए मायनर, एफ हा क्रम शेकडो गाण्यांत आहे. मी वापरला तर चोरी होईल का? (गडहिंग्लज)

नाही. दुसऱ्याची चाल उचललीत तर होईल. गाणं प्रसिद्ध करण्याआधी चालीबद्दल शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको.

पाचशे प्रोग्रेशन्सची पीडीएफ 999 रुपयांना मिळतेय, फक्त आज रात्रीपर्यंत. घेऊ का? (कागल)

अजिबात नको. ही "आज रात्र" पुढच्या महिन्यातही असते. मेजर स्केलच्या (म्हणजे शुद्ध सा रे ग म प ध नी) स्वतःच्या स्वरांतून तीन स्वरांच्या सातच कॉर्ड्स निघतात. सीमध्ये पाहा: सी, एफ, जी मेजर, डी, ई, ए मायनर, आणि बी डिमिनिश्ड. एकच क्रम 12 पट्ट्यांत छापला की 12 प्रोग्रेशन्स होतात, असा तो आकडा फुगवलेला असतो. त्यापेक्षा कॉर्ड्सना स्केलमधल्या स्वरांच्या क्रमानं आकडे द्या. सी, जी, ए मायनर, एफ म्हणजे 1-5-6-4. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, फुकट.

भूप रागात अभंग बांधला आणि त्याखाली ऑनलाइन कोर्समधलं सी, जी, ए मायनर, एफ वाजवलं. आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा म्हणाले, "भूप गेला." मित्र म्हणतात, बुवा जुन्या वळणाचे आहेत. बरोबर कोण? (शिवाजी पेठ)

बुवा. आणि यात जुन्या-नव्याचा संबंध नाही.

पांढरी एक हा सा धरा. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. जी कॉर्डमध्ये प, नी, रे वाजतात. एफमध्ये म, ध, सा. म्हणजे तुमच्या गळ्यानं जे दोन स्वर कटाक्षानं टाळले, तेच गिटार दर ओळीला वाजवतेय. बुवांना तेच खटकलं. ज्या कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारगायक होते, तिथे असे कान अजून शाबूत आहेत याचं मला अप्रूप वाटतं. त्यांना जुनाट म्हणून झटकू नका.

भूपाच्या स्वरांतून पूर्ण होणाऱ्या मेजर-मायनर कॉर्ड्स दोनच: सी (सा, ग, प) आणि ए मायनर (ध, सा, ग). ओळ पंचमावर टेकत असेल तिथे सी, धैवतावर टेकत असेल तिथे ए मायनर. रिषभावर थांबलात तर जी सस टू धरा: प, ध, रे. निषाद टळतो आणि जीची ओढ राहते.

गेल्या आठवड्यात राजारामपुरीतल्या माझ्या वर्गात एका मुलीनं असाच अभंग आणला. तिला गिटार खाली ठेवायला लावली. "मुखडा म्हण आणि शेवटचा स्वर धरून ठेव." तिनं धैवत धरला. मी पेटीवर एफ दाबली. धैवत एफमध्येही आहे, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही. पण पुढे 'प ग' म्हणताना गंधारावर ती अडखळली, कारण त्याला खेटून एफचा मध्यम वाजत होता. मग तीच ओळ ए मायनरवर म्हटली आणि एका दमात पार झाली. "सर, मघाशी दुसरंच गाणं सुरू झाल्यासारखं वाटलं," म्हणाली. हे तिला कुठल्या कागदानं नाही सांगितलं, तिच्या कानानं सांगितलं.

अंतऱ्यात मुद्दाम जी आणायची असेल तर आणा, भावगीतात ती शोभेलही. पण ऐकून आणा. कोर्समध्ये होती म्हणून नको. यमनात तर आणखी वेगळं. तिथे मध्यम तीव्र, म्हणून एफ बाजूला राहते आणि डी मेजर येते. चाल रागावर असेल तर कॉर्ड्स ठरवण्याआधी राग जाणणाऱ्याला ऐकवाच. तुमचे बुवा तर मंडळातच आहेत. पुढच्या गुरुवारी भजनाआधी अर्धा तास मागून घ्या.

एकाच ओळीला एक ॲप सी दाखवतं, दुसरं ए मायनर. कुठलं खरं? (जयसिंगपूर)

दोन्हींत सा आणि ग सामाईक आहेत, म्हणून ॲप फसतं. बेस, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, काय वाजतोय ते ऐका. नाही कळलं तर शिक्षकांकडून खात्री करून घ्या.

मी काळी चारमध्ये गाते. क्लासात सगळं सीमध्येच शिकवतात आणि माझा घसा बसतो. कुणी म्हणतं, सवयीनं जमेल. (रंकाळा परिसर)

"कुणी म्हणतं" यावर गळा सोपवू नका. पट्टी गाणाऱ्याची असते. कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या घरात, लावा आणि जीचे आकार वाजवा: जी, डी, ई मायनर, सी. ऐकू येईल काळी चार. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, गाणं नंतर.

कॉर्ड बदलताना मनगटात मुंग्या येतात. दोन महिने झाले. सराव वाढवू का? (हातकणंगले)

दोन महिने थांबलात कशाला? नवशिक्याच्या बोटांची टोकं दुखतात, मनगटाला मुंग्या येत नाहीत. गिटार ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. ते हो म्हणाले की गिटार घेऊन शिक्षकांसमोर बसा. अंगठा कुठे दाबताय ते त्यांना समोरूनच दिसेल, पत्रातून मला दिसत नाही.