वाचकांचे प्रश्न : मंडपाची खुंटी आणि मोव्हरची चावी

प्रश्न : नाशिकला गंगापूर रस्त्याच्या बाजूला आमचं लग्नकार्यांचं लॉन आहे. गेल्या महिन्यात एका पंचाहत्तरीचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी गवत कापताना मंडपवाल्यांची मागे राहिलेली लोखंडी खुंटी मोव्हरच्या पात्यात आली. ठण्णकन आवाज झाला आणि मशीन जागच्या जागी बंद पडलं. पातं वाकलं होतं, ते नवीन बसवलं. पण आता दोरी ओढली की हाताला उलटा हिसका बसतो आणि कार्ब्युरेटरमधून फाट्‌ असा आवाज येतो. दहा वेळा ओढल्यावर एखाद्या वेळी सुरू झालंच, तर धापा टाकत चालतं आणि बंद पडतं. मेकॅनिकनी प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला. प्लगला स्पार्क येतोय. आता ते म्हणतात, फ्लायव्हीलची चावी तुटली असेल, लेथवरून लोखंडाची पक्की चावी करून घालतो, म्हणजे पुन्हा तुटायचा प्रश्न नाही. नाहीतर सरळ इंजिन बदला. तुळशीचं लग्न झालं की आमचे मुहूर्त सुरू होतात. काय करू?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, इंजिन बदलायची घाई करू नका आणि लोखंडाची चावी कोणालाही घालू देऊ नका. तुमच्या मेकॅनिकनी दुखणं बरोबर ओळखलंय, औषध मात्र चुकीचं सांगितलंय.

तुमच्या मशीनमध्ये पातं इंजिनच्या क्रँकशाफ्टलाच, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्यालाच, खालून बोल्टने आवळलेलं असणार. हातात धरून चालवायच्या बहुतेक पेट्रोल मोव्हरमध्ये तसंच असतं. त्याच शाफ्टच्या वरच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक, असतं आणि त्याच्या कडेला लोहचुंबक बसवलेला असतो. हा चुंबक कॉइलसमोरून, म्हणजे तारेच्या गुंडाळीसमोरून, जातो तेव्हा स्पार्क पडतो. पिस्टन वर पोहोचायच्या किंचित आधी स्पार्क पडावा, असा हिशोब कारखान्यातच केलेला असतो. फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्या खाचांमध्ये बसणारी पेन्सिलच्या तुकड्याएवढी मऊ धातूची चावी तो हिशोब जागेवर ठेवते.

खुंटी आली तेव्हा पातं थांबलं, शाफ्ट थांबला, पण वजनदार फ्लायव्हील आपल्या वेगात पुढे गेलं आणि चावी कातरली गेली. आता चुंबक कॉइलसमोर वेळेआधी येतो. पिस्टन अजून वर चढतोय तोच भडका उडतो आणि पिस्टन उलटा ढकलला जातो. तुमच्या हाताला बसतो तो हिसका हाच. स्पार्क असूनही मशीन का चालत नाही, याचंही उत्तर यातच आहे. शाफ्ट तिथे २० मि.मी. जाडीचा धरला तर त्याचा घेर सुमारे ६३ मि.मी. होतो. म्हणजे चावी १ मि.मी. सरकली तरी स्पार्क जवळजवळ ६ अंशांनी चुकला. कित्येकदा चावी पूर्ण तुटलेली नसते, तिच्या कडेला नुसती पायरी पडलेली असते, आणि बघणारा “चावी शाबूत आहे” म्हणून ती परत बसवतो. नखाने चाचपा. पायरी लागली तर चावी गेली.

काही उघडण्याआधी दोन गोष्टी तपासा. त्याहीआधी प्लगची वायर काढून बाजूला बांधून ठेवा. माझ्या गॅरेजमध्ये तेहतीस वर्षांत मी हा एक नियम कोणालाही मोडू दिलेला नाही. मशीन आडवं करायचं तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवून करा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

पहिली गोष्ट म्हणजे नवीन पात्याचा बोल्ट. हलक्या फ्लायव्हीलच्या इंजिनांत पातंसुद्धा फ्लायव्हीलचं काम करतं. ते सैल असेल तरीही अगदी असाच उलटा हिसका बसतो. बोल्ट घट्ट आहे ना, एवढं आधी बघा; कदाचित तेवढ्यावरच भागेल.

दुसरी गोष्ट शाफ्टची. इंजिन बदलायचं की नाही, ते हीच ठरवते. प्लग काढून ठेवा. पातंही काढा. शाफ्टच्या खालच्या टोकाजवळ एक पेन्सिल घट्ट बांधा, टोक शाफ्टला लागेल न लागेल इतकं जवळ. मग दुसऱ्या माणसाला दोरी सावकाश ओढायला सांगा. फट सगळीकडे सारखी राहिली तर शाफ्ट सरळ आहे. फट कमी-जास्त झाली, शाफ्ट डगमगताना दिसला, तर तो वाकलाय, आणि मग मेकॅनिकचं इंजिनचं म्हणणं खरं आहे. वाकलेला शाफ्ट घणाने ठोकून सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना मशीन देऊ नका. तशा शाफ्टला नजरेला न दिसणारी भेग राहू शकते आणि तो चालू मशीनमध्ये पात्यासकट सुटू शकतो.

आता लोखंडाच्या चावीबद्दल. १९९६ साली मी स्वतः एका शाळेच्या मोव्हरला ती घालून दिली होती. चावी दोनदा तुटली होती, शाळेचे शिपाई वैतागले होते, मी पण नवखा होतो. लेथवरून छान मापात करून आणली. तीन महिन्यांनी गवतात पाण्याच्या पाइपचं तोंड आलं. चावी तुटली नाही. फ्लायव्हीलच्या मध्यभागाला तडा गेला आणि शाफ्टची खाच फाटली. इंजिन भंगारात गेलं. शाळेकडून मी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, पण त्यांचं मशीन काही परत आलं नाही. ती चावी मऊ ठेवलेली असते ती मार स्वतः खाऊन बाकीच्यांना वाचवण्यासाठी. स्वयंपाकघरातल्या फ्यूजच्या जागी जाड तार बांधावी का, तसाच हा प्रश्न आहे.

आणि फ्लायव्हीलला धरून ठेवायचं काम चावीचं नाहीच. ते शाफ्टच्या निमुळत्या भागावर, आम्ही ज्याला टेपर म्हणतो त्यावर, नट आवळल्यामुळे घट्ट बसतं. ज्यांची चावी दर दोन महिन्यांनी तुटते त्यांच्याकडे बहुतेक वेळा हा नट हाताच्या अंदाजाने आवळलेला असतो. मशीनच्या पुस्तिकेत त्याचं माप दिलेलं असतं; टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, लावून तेवढाच आवळायचा. बसवण्याआधी टेपर आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. तेलाचा, ग्रीसचा थेंबही तिथे नको. ही एक गोष्ट मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या, कारण हात तेलकट असतातच.

फ्लायव्हील काढताना पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं अवजार, वापरायला सांगा. फ्लायव्हीलवरच्या पंख्याच्या पात्यांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर अडकवून नट सोडवू नये, ती ॲल्युमिनियमची पाती पटकन तुटतात; पट्ट्याचा पाना असतो, तो लावावा. शाफ्टच्या डोक्यावर हातोडा तर नकोच. कॉइल हलवली असेल तर ती आणि चुंबक यांच्यात साधारण ०.२५ ते ०.३५ मि.मी. फट हवी. तुमच्या लॉनचं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइल आवळली आणि कार्ड ओढून काढलं, की काम झालं.

नवी चावी घ्यायला जाताना तुटलेली सोबत न्या आणि इंजिनवरचा मॉडेल क्रमांक फोटो काढून ठेवा. मापं दिसायला सारखी असतात, पण एका इंजिनची चावी दुसऱ्यात ढिली बसते, आणि ढिली चावी म्हणजे पुन्हा हेच दुखणं.

जुनं वाकलेलं पातं तुमच्याकडे पडून असेल. ठोकून सरळ करून अडीअडचणीला राहू दे, असं मनात असेल तर ते आजच भंगारात द्या. ४६ सें.मी.चं पातं मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याचं टोक ताशी सुमारे २६० कि.मी. वेगाने जातं. तुमच्या लॉनवर लहान मुलं खेळतात.

राहता राहिली खुंटी. मंडपवाल्यांना खुंट्यांच्या डोक्यांना लाल ऑइलपेंट लावायला सांगा. किती खुंट्या ठोकल्या तो आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तितक्या परत मोजून मिळेपर्यंत त्यांची शेवटची रक्कम देऊ नका. मोव्हर बाहेर काढायच्या आधी माळीबुवांना एकदा अनवाणी नाही, जाड तळव्याचे बूट घालून, ओळीओळीने सगळं लॉन चालून यायला सांगा.