आधी सनावळ्या बघ

प्रिय,

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला. शेरिल स्ट्रेड या अमेरिकन लेखिकेचं, आई गेल्यावर एकटीने केलेल्या पायपिटीच्या आठवणींचं ‘वाइल्ड’ संपवून तू सॅक भरलीस, भरलेल्या सॅककडे बघत रडलीस, आणि आता मला विचारतेस, ‘तिला एका उन्हाळ्यात जमलं, मग आईला जाऊन वर्ष झालं तरी मी तिथेच का?’

एका उन्हाळ्यात? सनावळ्या बघितल्यास का? तिची आई गेली 1991मध्ये. ती पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या अमेरिकेतल्या लांबलचक डोंगरवाटेवर चालली 1995मध्ये. पुस्तक आलं 2012मध्ये. चालणारी मुलगी 26 वर्षांची, लिहिणारी बाई चाळिशीतली. कुठल्या दिवसाला अर्थ आहे आणि कुठला गाळायचा, हे त्या बाईला ठाऊक होतं. चालणाऱ्या मुलीला फक्त पाय दुखतायत एवढंच कळत होतं. तू आज त्या मुलीच्या जागी आहेस आणि स्वतःला मोजतेस त्या बाईच्या मापाने. मधली 17 वर्षं पुस्तकात अगदी शेवटी, ओझरती येतात. ती कुणी वाचतच नाही.

आणखी एक. त्या वर्षी वाटेतल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत बर्फ फार होता, म्हणून तिने मधला मोठा टप्पा बसने ओलांडला. तुझ्या चार पानी पत्रात ही बस कुठेच नाही!

पीटर मॅथिसन या अमेरिकन लेखकाचंही तेच. बायको कर्करोगाने 1972मध्ये गेली. 1973मध्ये तो प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शेलरबरोबर नेपाळमधल्या डोल्पोत गेला. त्या प्रवासावरचं ‘द स्नो लेपर्ड’ आलं 1978मध्ये. पुस्तकाच्या नावातला हिमबिबट्या त्याला दिसलाच नाही. आठ वर्षांच्या मुलाला, आई गेलेल्या मुलाला, मागे ठेवून हा माणूस डोंगरात गेला, हे मला आजही पटत नाही. तरी ते पुस्तक मी पुन्हा पुन्हा काढतो. वाक्य सुंदर असलं की आपण लेखकाला फार माफ करतो. तेवढं भान ठेव.

सनावळ्या, सनावळ्या. कंटाळलीस ना? मीही वडील गेल्यावर हेच करत बसलो होतो, पुस्तकांच्या मागच्या पानांवर वर्षांच्या वजाबाक्या. मी कुठेही गेलो नाही. लोक म्हणाले, हा पुस्तकात तोंड खुपसून बसलाय. बसलो होतो. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी सावरलो की नाही, याचा हिशेब निदान कुणाला द्यावा लागला नाही. सल एकच आहे: त्या दिवसांतलं मी काहीच टिपून ठेवलं नाही. आता वडिलांचं शेवटच्या महिन्यातलं बोलणं आठवायला बसलो की मीच काहीतरी रचतोय असं वाटतं.

म्हणून तू टिपत जा, वर तारीख घालून. आई कशावरून चिडायची, दवाखान्यात काय मागायची, तुला तिचा राग कधी आला होता. अर्थ लावू नकोस. तो लावायचाच असेल तर पुढे कधीतरी तुझ्यातलीच कुणी थोराड बाई लावेल.

जायचं असेल तर जा, माझी ना नाही. फक्त परत आल्या आल्या ‘मी आता बरी आहे’ असं पत्र मला धाडू नकोस. आणि बूट मापाचे घे. शेरिलचे लहान होते, पायाची सहा नखं गेली.

तुझा,
सर