सॅकचा हिशेब कापडापासून

या वेळी ट्रेकिंगचे सामान बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या वाचकांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचे शिलाईचे युनिट आहे. परदेशी खरेदीदारासाठी ट्रेकिंगच्या सॅक आणि दोन माणसांचे तंबू शिवतो. यंदा त्याने एका नगामागे किती कार्बन पडतो, याचा तक्ता भरून मागितला आहे. सुरुवात कुठून करावी? (वाचक, बडोदा)

उत्तर: विजेपासून करा, पण बिलावरचा दिसेल तो आकडा उचलू नका. केव्हीएएच (भासमान वीज) आणि केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज, म्हणजेच युनिट) असे दोन्ही छापलेले असतील तर केडब्ल्यूएच घ्यायचा. मीटर सीटीवर (मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालत असेल तर रीडिंगमधल्या फरकाला बिलावरच्या गुणकाने गुणावे लागते. हा गुणक विसरल्यामुळे वापर वीस-वीस पटींनी कमी दाखवलेले तक्ते पाहायला मिळतात. बिलाचा महिना आणि उत्पादनाचा महिना सहसा जुळत नाहीत, म्हणून दर 1 तारखेला कामाची शिफ्ट सुरू होण्याआधी मीटरचा फोटो काढून ठेवा. छतावर सोलर असेल तर खरा वापर म्हणजे ग्रिडमधून आलेले युनिट अधिक सोलरची निर्मिती, वजा ग्रिडला परत दिलेले युनिट. सोलरच्या युनिटांचे उत्सर्जन शून्य धरतात, पण ते युनिट तक्त्यात लिहायचेच. नाहीतर पावसाळ्यात ग्रिडची वीज वाढली की तुमचा वापरच वाढला असा समज होतो.

जनरेटरचे डिझेल पंपाच्या पावत्यांवरून मोजू नका. महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, एवढाच हिशेब खरा. पडताळा सोपा आहे: एका लिटरला साधारण 3 ते 3.5 युनिट वीज मिळते. लॉगबुकात 6 निघाले तर डिझेलची नोंद कुठेतरी सुटली आहे. एसीत भरलेला गॅसही धरा. आर-410ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2 हजार पट तापमानवाढ करतो. एक किलो गॅस गळला आणि नव्याने भरला की खात्यात 2 टन चढले.

आता गुणाकार. ग्रिडच्या विजेचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. डिझेलचा लिटरमागे 2.68 किलो. समजा महिन्याला 5,000 युनिट वीज आणि 150 लिटर डिझेल लागले: 3,500 अधिक 402, म्हणजे 3,902 किलो.

चुका होतात त्या यानंतरच्या वाटणीत. त्याच महिन्यात 3,000 सॅक आणि 1,000 तंबू निघाले असे धरा. नगांवर सरळ वाटले तर प्रत्येकी 0.98 किलो. वजनावर वाटले (सॅक 1.2 किलो, तंबू 3 किलो) तर सॅकला 0.71 आणि तंबूला 1.77. शिलाईच्या मिनिटांवर वाटले (सॅक 45 मिनिटे, तंबू 65) तर 0.88 आणि 1.27. शिलाई युनिटमध्ये वीज यंत्रांच्या आणि दिव्यांच्या वेळेप्रमाणे जळते, म्हणून आमचा कौल मिनिटांना. तुमच्याकडे प्रत्येक नगाचा एसएएम (नग शिवायला लागणारी प्रमाणित मिनिटे) काढलेला असतोच, तोच वापरा. पद्धत कोणतीही घ्या, पण ती तक्त्यात लिहा आणि पुढच्या वर्षी बदलू नका. पद्धत बदलून आकडा खाली आणणे ही फसवणूक आहे.

एवढे सगळे करूनही हाती लागतो तो लहान भाग. सॅकच्या एकूण कार्बनमध्ये मोठा वाटा कापडाचा असतो: धागा, विणाई, रंगाई, कोटिंग. म्हणून कापडाचे वजन अचूक हवे. 600 डेनियर असे सांगून भागत नाही. डेनियर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, कोटिंग त्यात येत नाही. जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) कटरने 100 चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापा, ग्रॅममधल्या वजनाला 100 ने गुणा. असे पाच तुकडे थानाच्या वेगवेगळ्या जागांवरून घ्या, कारण काठाला आणि मध्ये कोटिंग सारखे नसते. आणि हिशेब विकत घेतलेल्या कापडाचा करा, शिवलेल्या नगातल्या कापडाचा नव्हे. सॅकमध्ये 850 ग्रॅम कापड बसले आणि कटिंगमध्ये 15 टक्के चिंध्या गेल्या, तर लागलेले कापड 1,000 ग्रॅम आहे.

प्रश्न: आमचा सुरतचा प्रोसेसर (कापड रंगवून फिनिश करून देणारा) कार्बनच्या हिशेबासाठी म्हणतो, "आकडे देणार नाही, हवे तर जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) सर्टिफिकेट देतो." चालेल का? (वाचक, वाघोडिया)

उत्तर: नाही. जीआरएस कापडातला पुनर्वापराचा वाटा आणि त्याची साखळी सांगते, कार्बनचे किलो सांगत नाही. शिवाय त्याच्या भिंतीवरचे स्कोप सर्टिफिकेट (कारखाना या मानकाला पात्र असल्याचा दाखला) तुमच्या मालाचा पुरावा नाही. तुमच्या लॉटसाठी ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागते, आणि त्यातले किलो तुमच्या मालाच्या चलानावरच्या किलोंशी जुळले पाहिजेत. जीआरएसचा लोगो लावायला पुनर्वापराचा वाटा किमान 50 टक्के असावा लागतो, हेही तपासा.

प्रोसेसरला भीती असते ती भाव आणि पार्ट्यांची नावे फुटण्याची. म्हणून त्याच्याकडे संपूर्ण वर्षाचे पाचच एकूण आकडे मागा: प्रोसेस केलेले कापड किलोत, वीज, बॉयलरचे इंधन प्रकारासह, आत आलेले पाणी, बाहेर गेलेले सांडपाणी. जॉबवर्कचे कापडही किलोत धरले आहे ना, ते विचारा. ते वगळले की किलोमागचा आकडा उगाच फुगतो.

कोळशाला एकच गुणांक लावू नका. निव्वळ उष्मांक 4,000 किलोकॅलरी असलेला कोळसा किलोमागे सुमारे 1.6 किलो कार्बन डायऑक्साइड देतो, 5,500 चा सुमारे 2.2. कोळशाच्या खरेदीसोबत आलेला चाचणी अहवाल मागून घ्या. पाण्याचा ताळाही पाहा. स्टेंटर (कापड ताणून वाळवण्याचे यंत्र) आणि ड्रायरमध्ये वाफ होऊन पाणी उडते, तेव्हा सांडपाणी आत आलेल्या पाण्यापेक्षा कमीच असायला हवे. जास्त दिसले तर बोअरवेलवर मीटर नाही असे समजा. बडोद्याच्या उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वाहिनीतून खंभातच्या आखाताकडे जाते. त्यातले सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप), रंग आणि क्षार कार्बनच्या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत. शिलाई युनिटमधून सांडपाणी निघत नाही म्हणून खरेदीदाराने सांडपाण्याचा रकाना दिला असेल तर तो कोरा सोडू नका. तुमच्या कापडाचे सांडपाणी दुसऱ्याच्या आवारात निघाले, इतकेच.

काळे किंवा करडे कापड घेत असाल तर डोप डाइडची चौकशी करा. त्यात रंग वितळलेल्या पॉलिमरमध्येच मिसळतात, रंगाईचे पाणी आणि वाफ वाचते. मोठा लॉट घ्यावा लागतो, हीच अडचण.

प्रोसेसरने काहीच दिले नाही तर डेटाबेसमधली सरासरी वापरा, पण त्या ओळीपुढे "सरासरी" असे स्पष्ट लिहा.

प्रश्न: पाणी न धरणाऱ्या फिनिशमध्ये फ्लोरिन नाही असे लेखी घेतले होते, तरी चाचणीत आले. कसे?

उत्तर: बहुधा पॅडरच्या (कापड रसायनात बुडवून पिळणाऱ्या यंत्राच्या) कुंडातून. आधीच्या पार्टीचे फ्लोरोकार्बन फिनिश कुंडात, रोलरवर आणि पाइपात राहते आणि तुमच्या कापडावर चढते. तुमचा लॉट कुंड धुतल्यावर लावायला सांगा, आणि पहिले काही मीटर वेगळे काढून नमुना लॉटच्या मधून घ्या. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कापडी वस्तूंत एकूण सेंद्रिय फ्लोरिनची मर्यादा 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग) आहे, 2027 पासून 50. सॅक त्यात येतात. मुसळधार पावसातल्या कपड्यांना 2028 पर्यंत दिलेली सवलत सॅकला नाही.

प्रश्न: हिग इंडेक्समधला (कापड उद्योगाच्या पर्यावरण-मोजणीच्या संचातला) आकडा टॅगवर छापू का?

उत्तर: छापू नका. त्यातला मटेरियल्सचा निर्देशांक कापडाच्या प्रकाराची सरासरी सांगतो, तुमच्या थानाची नव्हे. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने 2022 मध्ये याच कारणावरून नोरोना या कंपनीची अशी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली होती. कारखान्याचा एफईएम (फॅसिलिटी एन्व्हायर्न्मेंटल मॉड्यूल) हा भाग वेगळा, तो एकाच आवाराची वीज, पाणी, सांडपाणी, कचरा, हवा आणि रसायने पाहतो. तो जरूर भरा, पण तोही नगाचा आकडा देत नाही.

प्रश्न: पावागढच्या फेऱ्यांसाठी 600 ग्रॅमची हलकी सॅक घ्यावी की दीड किलोची? पर्यावरणाला कोणती बरी?

उत्तर: किलो नव्हे, वर्षे मोजा. सॅकचे वजन टिकण्याच्या वर्षांनी भागा. हलकी 2 वर्षांत फाटली आणि जड 8 वर्षे चालली तर वर्षाला 300 ग्रॅम आणि सुमारे 190 ग्रॅम. बऱ्याच सॅक कापडाआधी चेनपाशी मरतात. दात जुळेनासे झाले की लोक सगळी चेन बदलतात किंवा सॅक टाकतात, पण झिजलेला असतो तो बहुतेक वेळा स्लायडर. त्याच्या पाठीवर 5, 8 किंवा 10 असा अंक कोरलेला असतो. त्याच अंकाचा, कॉइल (पेचदार दातांच्या) चेनसाठीचा स्लायडर बसवून घ्या.