बारबेल रो करताना पाठीऐवजी कंबरच भरून येते. नवख्याने टेक्निक कसं सुधारावं?

तीन महिने झालेत, पुढे वाकून 50 किलोचा बार पोटाकडे ओढताय, पाठीला काहीच जाणवत नाही आणि ट्रेनर म्हणतो ‘सवय होईल’. तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. सवय होत नाही.

मी लालबागचा. विसाव्या वर्षी चाळीजवळच्या व्यायामशाळेत जायचो. तिथल्या सरांचं एकच म्हणणं, ‘रो म्हणजे झटका. झटका मारल्याशिवाय वजन वाढत नाही.’ दोन महिन्यांत त्यांनी मला 60 किलोवर नेलं. एका संध्याकाळी तिसऱ्या रेपला, म्हणजे बार तिसऱ्यांदा ओढताना, कंबरेत अशी चमक भरली की बार हातातून सुटला. सर म्हणाले, ‘पोरात दम नाही.’ पुढचा आठवडाभर मोरीत वाकून तोंड धुता येईना. बुटाची नाडी आई बांधायची.

मला वाकायला शिकवलं ते शेजारच्या काकांनी. काका माथाडी, वाशीच्या मार्केटात पोती उचलून साठीला टेकलेले. दुखणं उतरल्यावर त्यांनी मला गॅलरीत भिंतीकडे पाठ करून, वीतभर पुढे उभं केलं. ‘गुडघे जरासेच सोड आणि ढुंगणाने भिंत शोध. कंबर मोडायची नाही, खुब्यातून वाकायचं.’ मग झाडूचा दांडा पाठीवर उभा धरला: डोकं, खांद्यांची पाती आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला. वाकताना एक जरी जागा सुटली की परत पहिल्यापासून. पंधरा दिवस मी फक्त एवढंच केलं, वजनाशिवाय. तुम्हीही तेच करा.

मग नुसता 20 किलोचा बार घ्या. तो बेंबीकडे आणा, छातीकडे नाही. हाताने ओढतोय असं मनात आणू नका, कोपरं मागच्या खिशाकडे न्यायची. वर आल्यावर बार क्षणभर थांबला पाहिजे. थांबत नसेल तर वजन जास्त आहे, यात वाद नाही. रेप करताना धड वर वर येत असेल तरी तेच. आरशात बघू नका, मान मोडते. नजर पुढच्या फरशीवर. मोबाइल आपल्या कडेला उभा करून बाजूने व्हिडिओ काढा, समोरून काढलेल्यात काही कळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटीमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून 22.5 सेंटीमीटरवर राहतो. आपल्या व्यायामशाळांतल्या 5 आणि 10 किलोच्या लोखंडी प्लेट त्याहून बऱ्याच लहान. बार खाली जातो, तो घ्यायला नवखा माणूस पाठीची कमान करतो, आणि सेट (सलग रेपची एक फेरी) सुरू होण्याआधीच कंबर गेलेली असते. मी तेव्हा दर सेटला बार तसाच जमिनीवरून उचलायचो. प्लेटखाली दोन विटा ठेवा नाहीतर बार रॅकवरून घ्या. दम नव्हता म्हणून मी पडलो नाही, सर. विटा नव्हत्या आणि वाकायला कुणी शिकवलं नव्हतं.

झटका कुणीच मारत नाही असं नाही. मुरलेले लोक शेवटच्या दोन-तीन रेपला मुद्दाम थोडा मारतात. पण डोरियन येट्ससारख्या शरीरसौष्ठवातल्या सहा वेळच्या मिस्टर ऑलिंपियाचाही डावा बायसेप (दंडाचा पुढचा स्नायू) 1994 मध्ये उलट्या पकडीने, म्हणजे तळवे पुढे करून, रो करतानाच फाटला होता. तुमचे तर तीन महिनेच झालेत. पकड सुलटीच ठेवा, तळवे स्वतःकडे.

ज्यांच्या मांड्या लांब आहेत त्यांना जास्त वाकावं लागतं, त्यामुळे माझ्या कोनाची नक्कल करू नका. आणि दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा.

मी आज 70 किलोचे आठ रेप काढतो, प्रत्येक रेप वर थांबवून. त्या व्यायामशाळेवरून रोज जातो, आणि आतून अजून ‘झटका, झटका’ ऐकू येतं.