पोंगल म्हणजे तमिळ लोकांची संक्रांतच ना? त्या दिवशी भात मुद्दाम उतू का घालवतात? अन्न वाया जात नाही का?

मुहूर्त एकच आहे, सूर्याच्या मकरप्रवेशाचा. पण संक्रांतीला जे महत्त्व तिळाचे, ते पोंगलला नव्या तांदळाचे, त्यामुळे ‘संक्रांतच’ हा शब्द मला मान्य नाही. अन्न वाया जाण्याचा प्रश्न तर माझ्या सख्ख्या भावानेच १९ वर्षांपूर्वी विचारला होता आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

माझे सासर कुंभकोणमजवळच्या एका खेड्यातले. लग्नानंतरच्या पहिल्या पोंगलला दादा मुद्दाम तिकडे आला होता. अंगणात तांदळाच्या पिठाचे कोलम (तिकडची रांगोळी), उभे केलेले ऊस, तीन विटांची चूल आणि तिच्यावर गळ्याला पानामुळांसकट हळदीचे ओले रोप बांधलेले नवे मडके, अशी सगळी सिद्धता होती. दूध काठापर्यंत चढले, ‘पोंगलो पोंगल’ असा गजर करायला सगळ्यांनी तोंडे उघडली आणि दादाने सवयीप्रमाणे पुढे होऊन त्यावर पाण्याचा हबका मारला. दूध खाली बसले. सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सारले आणि दूध पुन्हा चढेपर्यंत आम्ही सगळे मुकाट्याने उभे राहिलो. ओशाळणे दूरच, रात्री दादा मला म्हणाला, ‘‘मुगाच्या खिचडीत गूळ घालायचा आणि ती सांडली म्हणून ओरडायचे, याला सण म्हणतात होय?’’

‘पोंगु’ म्हणजे उतू जाणे. सणाचे नावच त्यावरून पडले आहे. आमच्याकडे उतू जाते ते दूध, आणि तेही काठावरून ओघळण्यापुरते. नवे तांदूळ, मुगाची डाळ व गूळ त्यानंतर पडतात. शिवाय रथसप्तमीला आमची आई तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून बोळक्यातले दूध सूर्यासाठी उतू घालवीत असे, तेव्हा हाच दादा शेजारी बसून ते कोणत्या दिशेला सांडते ते पाहत असे. आईचे दूध तेवढे नैवेद्य आणि सासूबाईंचे मात्र नासाडी, हा कुठला न्याय?

बाकीचे थोडक्यात सांगते. आदल्या दिवशी भोगी. नाव आपलेच, पण तिकडे त्या दिवशी जुने-पुराणे सामान जाळतात. तिसऱ्या दिवशी माट्टु पोंगल, म्हणजे गुरांचा सण: शिंगे रंगवतात, माळा घालतात, पोंगल खाऊ घालतात. आपला पोळा आठवतो, फक्त इथे मान गाईंनाही असतो. चौथा दिवस काणुम पोंगल, भेटीगाठींचा.

हे सारे आमच्या घरचे; काही घरी तांदूळ आधीच घालतात आणि शहरात गॅसवरच्या पातेल्यातही पोंगल उतू जातो. तुम्हाला कोणी बोलावले तर अवश्य जा, पण चुलीपासून चार हात दूर उभे राहा आणि ‘खिचडी’ हा शब्द उच्चारू नका.

माट्टु पोंगलच्या सकाळी बायका भावांच्या कल्याणासाठी हळदीच्या पानावर रंगीत भाताचे छोटे मुटके कावळ्यांना ठेवतात. दादाने ते वाक्य अजून मागे घेतलेले नाही; त्याच्या नावाचे मुटके मी मात्र एकाही वर्षी चुकवलेले नाहीत.